थर्मामीटर शून्याजवळ अडकला म्हणजे पर्माफ्रॉस्ट टिकला असे नाही

पुण्यात भूगोलात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "आर्क्टिकमधल्या बोअरहोलचे आकडे पाहिले. जमीन जिथे जास्त थंड आहे तिथे तिचे तापमान झपाट्याने वाढलेले दिसते, आणि जी आधीच शून्याजवळ आहे तिथे ते जेमतेम हलते. मग वितळण्याचा धोका थंड भागात जास्त समजायचा का? शिवाय हवेची वार्षिक सरासरी उणे ५-६ असताना जमीन वितळते तरी कशी? आणि प्रकल्पासाठी पुण्यात बसून कोणता डेटा वापरता येईल?"

आकडे तुम्ही बरोबर वाचलेत, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. या विषयात नवखे आणि जुने दोघेही इथेच फसतात, म्हणून आधी हाच गुंता सोडवू.

सलग दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ शून्य किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. मग ती माती असो, खडक असो, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) असो की निव्वळ बर्फ. व्याख्येत फक्त तापमान आहे, बर्फाचा उल्लेख नाही. कोरडा खडक उणे ३ अंशांवर असला तरी तो पर्माफ्रॉस्टच, आणि त्यात वितळायला काही नसते. उत्तर गोलार्धात अशी जमीन सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटर आहे. ९० टक्क्यांहून जास्त भूभागाखाली ती असेल तर पट्टा 'सलग' म्हणायचा, ५० ते ९० टक्के असेल तर 'खंडित'.

२००७ ते २०१६ या दशकात जगभरच्या बोअरहोलमध्ये पर्माफ्रॉस्टचे तापमान सरासरी ०.२९ अंशांनी वाढले. सलग पट्ट्यात ही वाढ ०.३९ होती, खंडित पट्ट्यात ०.२०. तुम्हाला पडलेले कोडे ते हेच.

आता एक घनमीटर गाळमाती डोळ्यांसमोर आणा. तिच्यात ४० टक्के पाणी आहे आणि ते गोठलेले आहे. ती उणे ५ वरून उणे ४ वर आणायला साधारण २० लाख ज्यूल, म्हणजे २ मेगाज्यूल लागतात. त्याच मातीतला बर्फ वितळवायचा तर दर किलोला ३३४ किलोज्यूल या हिशोबाने ४०० किलोंना सुमारे १३४ मेगाज्यूल लागतील. म्हणजे एका अंशाच्या वाढीला लागते त्याच्या ६७ पट उष्णता जमीन गिळते, आणि तेवढ्या वेळात थर्मामीटर जागचा हलत नाही. दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा तो हाच. शुद्ध पाण्यात हे सगळे नेमके शून्यावर घडते. चिकणमाती आणि बारीक गाळात मात्र कणांना चिकटलेले पाण्याचे पापुद्रे उणे २ पासूनच थोडेथोडे सुटायला लागतात. त्यामुळे उणे १ वर 'स्थिर' दिसणाऱ्या जमिनीत बर्फाचा बराच वाटा आधीच पाणी झालेला असू शकतो. किनाऱ्यालगतच्या सागरी मातीत मीठ असले तर हा खेळ आणखी खालच्या तापमानाला सुरू होतो.

थोडक्यात, थंड पर्माफ्रॉस्टमध्ये आलेली उष्णता थर्मामीटरवर दिसते, उबदार पर्माफ्रॉस्टमध्ये ती बर्फ वितळवण्यात खर्ची पडते. उणे ८ वरून उणे ५ वर आलेल्या अलास्काच्या उत्तर उतारावर आलेख देखणा चढतो, पण जमीन अजून कणखर आहे. उणे ०.३ वर वर्षानुवर्षे सपाट चाललेल्या आलेखाची काळजी जास्त करा.

आता हवा उणे ६ असताना जमीन कशी वितळते ते पाहू. जमिनीला हवेची सरासरी थेट लागतच नाही, मध्ये हिमाची दुलई असते. भुसभुशीत हिमाची उष्णतावाहकता ०.१ ते ०.३ वॅट प्रति मीटर प्रति अंशच्या घरात असते. घट्ट बर्फाची सुमारे २.२. अर्धा मीटर हिम साचले की हिवाळ्यातली उणे ३० ची थंडी जमिनीपर्यंत पोहोचता पोहोचता बोथट होते, आणि जमिनीच्या पृष्ठभागाची वार्षिक सरासरी हवेपेक्षा काही अंशांनी वर राहते. म्हणून तापमान तेच ठेवून नुसते हिम वाढले तरी पर्माफ्रॉस्ट तापतो. त्यातही किती हिम पडले याइतकेच ते कधी पडले हे महत्त्वाचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाड थर बसला की उन्हाळ्याची ऊब आतच कोंडते. तोच थर वसंतात उशिरापर्यंत टिकला तर ऊन परतवून जमीन गार ठेवतो. टुंड्रात वाढत चाललेली झुडपे वाऱ्याने उडणारे हिम अडवतात, म्हणजे हिवाळ्यात त्यांच्याखाली दुलई जाड. उन्हाळ्यात तीच सावली देतात. दोन्हींची बेरीज जागेनुसार बदलते. 'झुडपे वाढली म्हणजे वितळणे वाढले' असे सरसकट लिहू नका.

पीटचे वागणे याच्या उलट. ओला पीट गोठला की उष्णता चांगली वाहून नेतो, कारण बर्फाची वाहकता पाण्याच्या जवळजवळ चौपट असते. उन्हाळ्यात तो वरून सुकतो आणि जवळपास उष्णतारोधक होतो. थंडी आत शिरते आणि ऊब अडते. या एकतर्फी दारामुळेच खंडित पट्ट्यात कित्येक ठिकाणी आजच्या हवामानात टिकू नये असा पर्माफ्रॉस्ट पीटखाली तग धरून आहे.

दरवर्षी उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठणाऱ्या वरच्या थराला सक्रिय थर म्हणतात. त्याची खोली ढोबळमानाने स्टीफनच्या सूत्राने काढता येते: २ × वाहकता × पृष्ठगुणक × वितळ-अंशदिवस × ८६,४०० याला घनमीटरमागच्या अप्रकट उष्म्याने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. वितळ-अंशदिवस म्हणजे शून्यावरच्या रोजच्या सरासरी तापमानांची मोसमभराची बेरीज. हवेचे अंशदिवस जमिनीच्या पृष्ठभागाला लागू करताना पृष्ठगुणकाने कमी-जास्त होतात. अंशदिवस १,००० आणि गुणक ०.८ धरा. वाहकता १ आणि ४० टक्के पाणी असलेल्या खनिज मातीत खोली १.०२ मीटर येते. वाहकता ०.२५ आणि ८० टक्के पाणी असलेल्या शेवाळी पीटमध्ये तोच उन्हाळा फक्त ३६ सेंटिमीटर आत जातो. वणव्याने पीट जळून जाते तेव्हा नेमके काय घडते ते या दोन आकड्यांत आले. झाडे जळाल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. जमिनीच्या दृष्टीने जळालेले पांघरूण जास्त महाग पडते, आणि ते परत यायला दशके लागतात.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट दिसते. अंशदिवस २० टक्क्यांनी वाढले तरी खोली साडेनऊ टक्क्यांनीच वाढते, कारण मध्ये वर्गमूळ आहे. या एवढ्याच हिशोबाने चालले असते तर पर्माफ्रॉस्ट वरून सावकाश, शिस्तीत मागे हटला असता. तसे होत नाही, कारण पाणी मध्ये येते.

हिवाळ्यात सक्रिय थर पुन्हा पूर्ण गोठणे ही पर्माफ्रॉस्टची वार्षिक डागडुजी. शरद ऋतूत हा थर वरून आणि खालून गोठत येताना मधली ओली माती आठवडेच्या आठवडे शून्यावर अडकून राहते. उन्हाळा खोल गेला, पाऊस जास्त झाला आणि हिम लवकर पडले, तर हे गोठणे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबते. एखाद्या वर्षी ते पुरे होतच नाही. मग वरचा गोठलेला थर आणि खालचा पर्माफ्रॉस्ट यांच्यामध्ये वर्षभर न गोठणारा पट्टा उरतो. त्याला तालिक म्हणतात. तालिक तयार झाला की बर्फ वितळणे आणि सेंद्रिय पदार्थ कुजणे भर हिवाळ्यातही चालू राहते, आणि पाण्याला आडवी वाट मिळते. अलास्काच्या अंतर्भागात असे तालिक आता नोंदले जात आहेत.

दुसरी मेख बर्फाच्या प्रमाणात आहे. मातीच्या पोकळ्यांत मावेल तेवढाच बर्फ असेल तर तो वितळल्यावर माती ओली होते आणि जागेवर राहते. पोकळ्यांपेक्षा जास्त बर्फ असेल तर तेवढी जमीन खचते: ६० टक्के जादा बर्फ असलेला एक मीटर वितळला की पृष्ठभाग ६० सेंटिमीटर खाली. सायबेरिया आणि अलास्कातल्या येडोमा नावाच्या हिमयुगीन गाळात बर्फ आकारमानाने ५० ते ९० टक्क्यांपर्यंत भरतो. त्यातला पुष्कळसा उभ्या पाचरींच्या रूपात असतो. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, वसंतात भेगेत पाणी उतरून गोठते, पुढच्या हिवाळ्यात तीच भेग पुन्हा उघडते. हजारो वर्षांत पाचर काही मीटर रुंद होते, आणि वरून पाहिले तर १० ते ३० मीटरच्या बहुभुजांची जाळी दिसते. पाचरींचे माथे सक्रिय थराच्या लगेच खाली असल्यामुळे एखादा फार गरम उन्हाळासुद्धा त्यांना गाठतो. माथा वितळला की चर पडतो, चरात पाणी साचते, पाणी ऊन शोषते, चर खोल होतो. हिवाळ्यात त्यात हिमही जास्त भरते. म्हणजे वर्गमूळाची ती शिस्त इथे मोडली. उतारावर हेच घडले तर बर्फाचा कडा उघडा पडून मागे मागे ढासळत जातो. सायबेरियाच्या याकुतियातले बातागाय याचे सर्वांत मोठे उदाहरण. गेल्या शतकाच्या मध्यानंतर जंगल तोडल्यामुळे सुरू झालेली ती घळ आता सुमारे एक किलोमीटर रुंद झाली आहे. तिथे सुरुवात माणसाच्या कुऱ्हाडीने झाली आणि वाढ तापमानाने केली, हा क्रम विसरू नका.

मोजमापाकडे वळू. तुमच्या प्रकल्पात आकडे कुठून आले हे माहीत नसेल तर पुढचे सगळे वाया.

बोअरहोलमधले तापमान १० ते २० मीटर खोलीवर वाचतात. कारण आपल्याकडच्या खोल विहिरीसारखेच: पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागते, कारण ते ऋतू पाळत नाही. जमिनीची उष्णता-विसरणता (उष्णता तिच्यातून किती वेगाने पसरते ते) सेकंदाला चौरस मीटरचा दहा लाखावा भाग धरली तर तापमानाच्या चढ-उताराची वार्षिक लाट साधारण ३.२ मीटरला ३७ टक्क्यांवर येते. १० मीटरला तिचे चारच टक्के उरतात, आणि तेही अर्धे वर्ष उशिरा: पृष्ठभागावर जुलै असताना तिथे जानेवारी पोहोचलेला असतो. १५ मीटरला एक टक्कासुद्धा नाही. म्हणून तिथला बदल म्हणजे अनेक वर्षांचा कल. याहून खोल गेलात तर जुना काळ वाचता येतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या यानसनहाउगेनवर १९९८ मध्ये पाडलेले १०२ मीटरचे बोअरहोल याच कामाचे. लॅकेनब्रुक आणि मार्शल या संशोधकांनी अलास्काच्या तेलविहिरींमधल्या तापमानाच्या वाकलेल्या रेषेवरून पृष्ठभाग २ ते ४ अंश तापल्याचे दाखवले ते १९८६ मध्ये, तापमानवाढीची चर्चा घरोघरी पोहोचण्याच्या किती तरी आधी.

थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या संवेदकांची) तार उतरवण्याआधी बर्फ-पाण्याच्या भांड्यात शून्याला जुळवून घ्यावी लागते. शून्याजवळच्या जमिनीत ०.१ अंशाची चूक म्हणजे गोठलेले की वितळलेले हेच चुकते. ड्रिलिंगने जमीन तापते, ती मूळ पदावर यायला आठवडे ते महिने लागतात. तोवरच्या नोंदी टाकून द्यायच्या. हिवाळ्यात जमीन फुगून नळी वर उचलते आणि संवेदकाची खोली बदलते. नळीच्या कडेने वितळपाणी उतरले तर खोलवर खोटा उन्हाळा दिसतो.

सक्रिय थराची खोली मोजायची पद्धत आजही साधीच आहे: उन्हाळ्याच्या शेवटी पोलादी सळई गोठलेला थर लागेपर्यंत खुपसायची. १९९१ पासून चाललेल्या काल्म या आंतरराष्ट्रीय जाळ्यात ११ बाय ११, म्हणजे १२१ बिंदूंची चौकट ठरलेली आहे. दगड लागला तर आकडा उथळ येतो. पण खरी गफलत वेगळी. सळई पृष्ठभागापासून मोजते, आणि पृष्ठभाग स्वतःच खचतो. १० वर्षांत सक्रिय थर ५० सेंटिमीटरच राहिला, पण जमीन २० सेंटिमीटर बसली, तर गोठलेल्या थराचा माथा तेवढाच खाली गेलेला असतो. सळईच्या नोंदीत मात्र 'बदल नाही'. म्हणून बर्फाळ जागी सळईबरोबर पातळीचे सर्वेक्षण किंवा खोल रोवलेली संदर्भ-नळी हवीच.

बांधकामाबद्दल थोडेच सांगतो. तिथल्या इमारती गोठलेल्या मातीने खांबाला धरलेल्या पकडीवर उभ्या असतात. उणे ३ वरून उणे १ वर येताना चिकणमातीची ही पकड साधारण निम्मी होते. म्हणजे काहीही न वितळता इमारतीला तडे जाऊ शकतात. उपाय म्हणून इमारती खांबांवर उचलून खालून वारा खेळवतात, नाही तर थर्मोसायफन बसवतात. बंद नळीत अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड. हिवाळ्यात तळाशी द्रव उकळतो, वाफ वर जाऊन माथ्यावरच्या पंखांशी (उष्णता सोडणाऱ्या पात्यांशी) थंड होते, द्रव परत खाली. वीज लागत नाही. १९७७ मध्ये सुरू झालेल्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या ट्रान्स-अलास्का तेलवाहिनीचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीवर उचललेला आहे, आणि त्याच्या खांबांत अशा नळ्या आहेत. नळीच्या माथ्याशी द्रव न होणारा वायू साचला की तेवढे पंख निकामी होतात. थंडीत उष्णताचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यातून पाहिले की जिवंत नळीचा माथा उबदार आणि बंद पडलेल्या नळीचा हवेइतकाच गार दिसतो. रस्त्यांचे दुखणे बहुधा कडेला असते: बाजूला लोटलेले हिम आणि तुंबलेले पाणी भरावाचा पायथा तापवतात.

दोष हवामानावर ढकलणे सोपे असते. २९ मे २०२० रोजी रशियातल्या नोरिल्स्कजवळ टाकी खचून सुमारे २१,००० टन डिझेल सांडले. मालक कंपनीने आधी वितळत्या पर्माफ्रॉस्टकडे बोट दाखवले. सरकारी तपासात बांधकामातले दोष आणि देखरेखीतली हयगय पुढे आली. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. तापणारी जमीन निष्काळजीपणाला माफ करत नाही एवढेच.

कार्बनबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणारच. पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या मातीत १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे वातावरणातल्या कार्बनच्या दुपटीच्या आसपास. सगळा बाहेर येणार नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालाचा अंदाज असा की जागतिक तापमानाच्या दर एका अंशामागे २१०० पर्यंत ३ ते ४१ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटेल. पल्ला इतका रुंद का? खचणे, घळी, नवी तळी ही अचानक वितळण्याची वाट मॉडेलांत जवळजवळ नसतेच, आणि ती पर्माफ्रॉस्ट प्रदेशाच्या २० टक्क्यांहून कमी भागात घडली तरी निम्म्या कार्बनला हात घालू शकते. शिवाय जागा निचऱ्याची असेल तर कार्बन डायऑक्साइड निघतो, पाण्याखाली असेल तर मिथेन. त्यामुळे जमीन कोरडी होणार की दलदल, यावर उत्तर फिरते. 'मिथेन बॉम्ब' हा मथळा मात्र वापरू नका. समुद्रतळाच्या हायड्रेटमधून (मिथेन कोंडलेल्या बर्फासारख्या पदार्थातून) या शतकात मोठा स्फोटक उद्रेक होण्याची शक्यता त्याच अहवालाने फार कमी मानली आहे. चालू आहे ती दीर्घकाळची गळती, आणि ती उत्सर्जनाच्या हिशोबात आणखी एका मोठ्या देशाइतकी भर घालू शकते. तेवढेच पुरेसे वाईट आहे.

आता पुण्यात बसून काय करता येईल. बोअरहोलची तापमाने जीटीएन-पी या जागतिक जाळ्यावर आणि सक्रिय थराच्या नोंदी काल्मवर खुल्या मिळतात. स्वालबार्डमध्ये न्यू-ओलसुंदला भारताचे 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून आहे. त्याच गावाजवळ बायेल्वा इथे जर्मन संस्थेची १९९८ पासूनची माती-तापमानाची मालिका आहे. एकच जागा नीट समजून घ्यायची असेल तर मी तीच सुचवेन, कारण हिम, पाऊस आणि माती तिन्ही एकत्र मिळतात.

एरा५-लँड या मॉडेलवर आधारलेल्या जागतिक हवामान-डेटाचे माती-तापमान डोळे झाकून घेऊ नका. त्याचे चार थर २.८९ मीटरवर संपतात, आणि इतक्या उथळ तळाच्या मॉडेलला खालच्या गारव्याची आठवण राहत नाही. त्यातून हवेचे तापमान आणि हिमाची जाडी घ्या, जमिनीचे घेऊ नका. हवेवरून वितळ-अंशदिवस काढा, काल्मच्या एखाद्या जागेची मोजलेली खोली घ्या, आणि स्टीफनच्या सूत्रातला वाहकता-गुणक-पाणी हा गठ्ठा पहिल्या पाच वर्षांवरून बसवा. मग पुढची वर्षे त्याच गठ्ठ्याने काढून प्रत्यक्ष नोंदींशी ताडा. आकडे जिथे सटकतील त्या वर्षी पाऊस, वणवा, हिमाची तारीख किंवा खचलेली जमीन यांपैकी काही तरी सापडेल, आणि प्रकल्पाचा गाभा तोच. खचणे पाहायचे तर सेंटिनेल-१ या उपग्रहाची रडार चित्रे फुकट आहेत; दोन तारखांची चित्रे जोडीने ताडून जमीन किती हलली ते काढतात. त्याची लहर ५.६ सेंटिमीटरची असल्याने हिम पडले की जोड्या जुळत नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटची चित्रे पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशीच जोडा. जून आणि सप्टेंबर जोडलेत तर दरवर्षीचे फुगणे-बसणेच मोजाल.

लडाखचा मोह होईल, जवळ आहे म्हणून. तिथला पर्माफ्रॉस्ट कोरडा, खडकाळ, उंचीवर अवलंबून आणि कार्बनने गरीब. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक सरोवरात कोसळला तो गोठलेल्या मोरेनचा (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा) उतार होता. म्हणजे आपल्याकडे प्रश्न उतार सुटण्याचा आहे, दलदलीचा नाही. आर्क्टिकचे गुणक तिथे लावू नका. लडाख घ्यायचेच असेल तर उंची, उताराची दिशा आणि वाऱ्याने उडणारे हिम यांपासून वेगळी मांडणी करा.